एकदाच विचारणारं हॉटेल

लास वेगासचे फोटो पोचले. मोठ्या ताटलीत मधोमध एकच शिंपली आणि तिच्याभोवती धूर, हे नेमकं काय खायचं असतं ते मला कळलं नाही, पण तुम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसला होतात हे बघून बरं वाटलं. खाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राचे आईवडील मार्चमध्ये दोहाला उतरणार आहेत आणि त्यांना विचारायचंय, कॅसिनो सोडून वेगासमधलं बाकी सगळं, म्हणजे चांगलं जेवण, इथे मिळतं का.

मिळतं. तुमच्या आईला ठाऊक आहे, आमच्याकडे येणारा पाहुणा विमानतळावरून घरी पोचायच्या आत त्याच्या फोनवर माझी यादी पोचलेली असते. आम्ही दोहाच्या उत्तरेला अल खोरला राहायचो तेव्हा पाहुण्यांना चांगलं जेवायला न्यायचं म्हणजे पाऊण तास गाडी हाकून दोहा गाठावं लागायचं. एवढं जाऊन जेवण फसलं की आजोबा परतीच्या रस्त्यावर एक शब्द बोलत नसत, म्हणून मी यादी करायला लागले. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईची यादी आहे, तेव्हा ती नीट असणारच.

त्या मंडळींना सांगा, गुरुवारी संध्याकाळी कुठेही जाऊ नका, सगळं शहर बाहेर पडलेलं असतं. टेबल आधी राखून ठेवा. हाफ पँट घालून मोठ्या हॉटेलात गेलात तर दारावरचा माणूस अतिशय गोड हसून परत पाठवतो. मद्य फक्त मोठ्या हॉटेलांतच मिळतं, जुन्या बाजारात मागू नये. जुन्या बाजारात सकाळी जावं. तिथे कतारी बायका गोड केशरी शेवया करतात आणि त्यांवर ऑम्लेट ठेवून देतात. ऐकायला विचित्र वाटतं, आजोबा अजून दोन्ही वेगवेगळं खातात, पण एकत्र खाऊन बघा म्हणावं. मटणाचा मसालेभात, ज्याला इथे मचबूस म्हणतात, तो जमिनीवर बसून एकाच परातीतून खायच्या जागी खावा. खुर्चीवर बसून त्याची चव अर्धी होते. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरची फिरती रेस्टॉरंटं टाळावीत. खिडकीतून दिसतं त्याचे पैसे घेतात आणि ताटात काय आहे तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

याला अपवाद एक. यादीत पहिल्या क्रमांकावर जे हॉटेल आहे, तेही वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून सगळी खाडी दिसते. तिथे तुमच्या मामाच्या लग्नावर पाणी पडता पडता राहिलं. दोष हॉटेलचा नव्हता. तुम्ही लग्नात नाचलात, पण हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते.

तुमची मामी तेव्हा मामी झाली नव्हती. इथल्या एका फार्मसीत ती काम करायची आणि दोहाच्या कडेला मुऐदरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर, विभागून भाड्याने दिलेल्या एका व्हिलाच्या तुकड्यात राहायची. तिचं आणि मामाचं ठरलेलं होतं. तिचे आईवडील पणजीहून आठ दिवसांसाठी आले, ते आम्हाला बघायला. येण्याच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला.

"काकू, आई काही विचारणार नाही. ती फक्त बघणार आहे."

"काय बघणार आहे?"

"ते मलाही सांगत नाही. ती नाही म्हणणार नाही हो. पण मनातून हो म्हटलं नाही ना, तर मला लग्नात उभंच राहवणार नाही. मी एकुलती एक मुलगी आहे तिची."

मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी सगळी व्यवस्था करते. आणि केली. दोन्हीकडच्यांना सोयीची जागा, शांत, स्वच्छ, म्हणून या हॉटेलात सहा जणांचं टेबल घेतलं. काय चालतं, काय चालत नाही ते विचारून घेतलं. दोघंही मासे खाणारे निघाले. मला वाटलं, आता चुकण्यासारखं काही उरलं नाही.

इथे मला माझ्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात आग्रह नसतो हे तुम्ही बघितलं आहे. त्याचं कारण जिलबी. मी आठ वर्षांची असताना एका लग्नाच्या पंगतीत मी पानावर दोन्ही हात आडवे धरले होते, तरी एका मावशीने बोटांच्या फटीतून जिलबी सोडली, आणि टाकायची नाही म्हणून खायला लावली. त्यानंतर काय झालं ते जेवणाबद्दलच्या लिखाणात लिहू नये. मी तेव्हाच ठरवलं की माझ्या घरात नको म्हणजे नको. आजोबा सांगतात की लग्नाच्या पहिल्या वर्षी ते उपाशीच राहिले, कारण ते सवयीने आधी नको म्हणायचे आणि मी पातेलं उचलून आत न्यायची. मग ते सुधारले.

व्याही गाडीतून उतरल्यापासून खुशीत होते. समोरचे रोषणाई केलेले टॉवर बघून आजोबांना म्हणाले, "आमच्या पणजीला नदीत कॅसिनोच्या बोटी आहेत, त्यांचे असेच दिवे. इथे ती भानगड नाही ना?"

"नाही. जुगाराला बंदी."

"मग एवढे दिवे कशाला लावतात?"

आजोबांना हा माणूस तिथल्या तिथे आवडला. विहीणबाई मात्र गप्प होत्या. हिरवी काठाची साडी, केसांत गजरा. तो त्यांनी विमानातून डब्यात घालून आणला होता. लिफ्टमध्ये त्या मला एवढंच म्हणाल्या, "पाहुण्यांना बाहेरच जेवायला नेता तुम्ही?"

मी म्हटलं, "हो, म्हणजे कोणाला स्वयंपाकघरात अडकावं लागत नाही."

त्यांनी मान हलवली. मला ते कौतुक वाटलं.

या हॉटेलची खासियत अशी की पदार्थ ताटलीत रचून पुढे आणत नाहीत. वाढणारा मोठं तबक घेऊन तुमच्या डाव्या हाताला येतो, किंचित वाकतो आणि इंग्रजीत हळू विचारतो, घेणार का. हो म्हटलं तर दोन चमच्यांच्या चिमट्यात धरून अलगद वाढतो. नको म्हटलं तर मान लववून पुढे जातो. एकदाच विचारतो. मला हे हॉटेल त्यासाठीच आवडायचं. आमच्या टेबलावर पन्नाशीचा एक हेड वेटर होता, काळा कोट, चंदेरी मिशा, आवाज इतका खालचा की शेजारच्याला ऐकू जाऊ नये.

पाव आला. विहीणबाई म्हणाल्या, "नको." तो पुढे गेला. सूप आलं. "नको, तुम्ही घ्या सगळे." तो पुढे गेला. मोठाली कोळंबी आली, लसणीचा वास सगळ्या टेबलावर पसरला. त्या एक क्षण थांबल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "नको नको, मला काही एवढी भूक नाही." तो पुढे गेला. तुमच्या होणाऱ्या मामीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला हसून दाखवलं. मला वाटलं, प्रवासाने पोट बिघडलं असेल, कोणी मागे लागत नाहीये याचं त्यांना बरंच वाटत असेल.

मग त्यांनी विचारलं, "घरी तुम्ही सगळे एकत्र बसता का जेवायला?"

"नाही हो. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो वाढून घेतो."

"आणि एखादा जेवलाच नाही तर?"

"तर त्याला भूक नसेल," मी म्हटलं.

त्यांनी काटा उचलून परत होता तिथेच ठेवला. मामाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मुलगी ताटलीकडे बघत राहिली आणि तिचे कान लाल झाले. मी काय चुकीचं बोलले ते मला खरोखर कळलं नाही. व्याही आणि आजोबा मात्र मजेत होते, कुठला मासा कुठल्या महिन्यात खावा यावर त्यांचं रंगलं होतं.

मी हात धुवायला उठले. परत येताना बाहेरच्या पॅसेजमध्ये तो हेड वेटर उभा होता. इकडेतिकडे बघून तो मराठीत बोलायला लागला.

"मॅडम, माफी असू द्या, मधी बोलतोय. त्या तुमच्या पाहुण्या उपाशी आहेत."

"अहो, त्या नको म्हणतात."

"एकदा म्हणाल्या. एकदा तर सगळेच म्हणतात. माझी आई तर दोनदा म्हणायची."

"मग तुम्हीच परत विचारा ना त्यांना."

"इथे मनाई आहे. गेस्ट नो बोलला की खलास, दुसऱ्यांदा विचारलं तर मला बोलावून घेतात. आणि मी विचारून काय फायदा? त्या माझ्याकडे कुठे बघताहेत. प्रत्येक वेळी नको बोलतात आणि तुमच्याकडे बघतात. मी तिन्ही वेळा पाहिलं."

मी तिथे हात ओले घेऊन उभी. "मला आग्रह करता येत नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोहता येत नाही म्हणून सांगितलं असावं आणि पाणी घोट्याएवढं असावं. "त्यात न येण्यासारखं काय आहे, मॅडम? तुम्ही नाही घेतलात तर मीपण घेणार नाही, असं बोलायचं. आता हामूर येतोय. मी तिथे जरासा रेंगाळतो."

हामूर हा इथला मानाचा मासा. आख्खा भाजलेला, खाली केशरी भात. तबक विहीणबाईंच्या डाव्या हाताला आलं. "नको," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. हेड वेटर पुढे गेला नाही. तो छताच्या झुंबराकडे बघत उभा राहिला.

"घ्या ना थोडा," मी म्हटलं. माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा आला.

"नको हो, खरंच."

"अहो, हा इथला खास मासा आहे, तिकडे मिळायचा नाही."

"हा? याला आम्ही गोबरो म्हणतो. परवाच केला होता."

आजोबांचं बोलणं थांबलं. छत्तीस वर्षांत त्यांनी मला कोणाला दुसऱ्यांदा विचारताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही घेतला नाहीत तर मीही घेणार नाही," आणि उठून हेड वेटरच्या हातातले दोन्ही चमचे काढून घेतले.

विहीणबाईंनी ताटलीवर दोन्ही हात आडवे धरले.

मी तिथेच थांबले असते. त्या पंगतीतली जिलबी माझ्या घशाशी आली. पण मी त्यांचे हात बघितले. हात आडवे होते आणि बोटं चांगली फाकलेली होती. मी तुकडा सोडला. तो दोन चमच्यांतून निसटून अर्धा ताटलीत आणि अर्धा त्यांच्या बांगड्यांवर पडला, भाताची शितं पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडली. मामा तोंड नॅपकिनमध्ये लपवून हसत होता.

त्यांनी शांतपणे बांगडी पुसली आणि खायला सुरुवात केली. सगळा तुकडा संपल्यावर त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे. पण मासा ताजा आहे." मग हेड वेटरकडे वळून, "ती मघाची कोळंबी संपली का हो?"

"नाही, काकी, तुमच्यासाठी ठेवलीय," तो मराठीत म्हणाला.

"अरे, तुम्ही कुठचे?"

"म्हसळ्याकडचा."

"मग मघापासून इंग्रजीत कसले विचारताय? नीट विचारलं असतं तर सूपसुद्धा घेतलं असतं मी."

मी खरं ते सांगून टाकलं, की या गृहस्थांनी मला बाहेर घेऊन चांगली शिकवणी दिली आणि मला हे येऊन जेमतेम पाच मिनिटं झाली आहेत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की गजरा सुटून खांद्यावर आला.

"मला वाटलं, तुम्ही मोजूनमापून बोलणारी माणसं."

"आहोतच तशी."

"ही माझी मुलगी आहे ना, ती लहानपणापासून पहिल्यांदा नकोच म्हणते. कपडे नको, दूध नको, डॉक्टर नको. मी इथे बसून विचार करत होते, ही या घरात आली तर महिन्याभरात वाळून जाईल आणि यांना वाटेल हिला भूकच नाही."

"मावशी, तिची काळजी करू नका," मामा म्हणाला. "ती मला नको म्हणते आणि माझ्या ताटातलं उचलून खाते."

"ए, गप रे," तुमची होणारी मामी म्हणाली.

"उचलून खाते ना? मग ठीक आहे," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी तबकातून हामूरचा मोठा तुकडा स्वतःच्या हाताने माझ्या ताटलीत ठेवला. मला भूक नव्हती. मी नको म्हणायला तोंड उघडलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि तुकडा खाल्ला. मग दुसराही.

कॉफी आली तेव्हा त्या मामाकडे वळल्या. "तुमची कंपनी लग्नाला किती दिवस रजा देते?"

मुलीने मान वर केली. व्याह्यांनी कप खाली ठेवला.

"दहा दिवस तर नक्की मिळतील," मामा म्हणाला.

"दहात काय होतंय? हळद, लग्न, कुळदेवतेचं दर्शन, चार घरची जेवणं. पंधरा घ्या."

"नको मावशी, अवघड आहे. प्रोजेक्ट चालू आहे."

"पंधरा घ्या हो."

"बघतो, इन्शाल्ला."

"बघतो नाही. घ्या."

"घेतो," मामा म्हणाला.