शवपेटीत उठून बसलेली व्हर्ना

व्हर्ना कुबियाकचं काम सांगायला सोपं होतं: उभं राहायचं. नटी सेटवर येण्याआधी दिवे लावायचे असतात, कॅमेऱ्याची जागा ठरवायची असते. त्यात कधी एक तास जातो, कधी तीन. तेवढा वेळ नटीला कोण ताटकळत ठेवणार? मग तिच्या उंचीची, तिच्यासारख्या केसांची एक बदली बाई तिच्या जागी उभी राहते. दिवे लागले की नटी येते आणि बदली बाई बाजूला होते. बरबँकच्या स्टुडिओंत व्हर्नानं हे तीसेक वर्षं केलं, त्यातली सतरा एकाच बड्या नटीसाठी.

मी कपड्यांच्या विभागात शिवणकाम करते. नटीचा झगा शिवून झाला की तसाच दिसणारा, हलक्या कापडाचा दुसरा झगा व्हर्नासाठी शिवायचा, हेही माझंच काम. त्यातून आमची मैत्री झाली.

ती ओहायोतल्या टोलेडोची. बाविसाव्या वर्षी लॉस एंजेलिसला आली ती अर्थात नटी व्हायलाच. दोन वर्षांनी पहिली मोठी चाचणी मिळाली. समोर पाच पुरुष बसले होते आणि व्हर्नाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यांतला एक म्हणाला, "उंची मात्र बरी आहे." त्या उंचीवरच तिला बदलीचं काम मिळालं. पुन्हा चाचणीला ती कधी गेली नाही.

"नाही जमत, आनूश," ती मला म्हणायची. "चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते."

ती अठ्ठावन्न वर्षांची असताना ग्लेन ताकाहाशीची मालिका आली. ग्लेन लेखक, तोच मालिकेचा कर्ताधर्ता. सिनेमावाल्यांची टिंगल करणारी, काळीकुट्ट विनोदी मालिका. गोष्ट अशी की शूटिंगच्या मध्यातच एक मोठी नटी मरते. स्टुडिओवाले बातमी दडपतात आणि तिच्या बदली बाईला उभं करून सिनेमा पुरा करतात. पुढे अंत्यविधी जाहीर होतो, तर विमान कंपनीकडून मृतदेहच हरवलेला. मग शवपेटीतही त्या बदली बाईलाच झोपवतात. नटी आणि बदली बाई, दोन्ही भूमिका डेल्फीन रूर्क करणार होती. डेल्फीनच्या जागी दिव्यांसाठी उभी राहणार होती आमची व्हर्ना. खरं तर आडवी होणार होती, कारण पहिल्याच दिवशी अंत्यविधीचं दृश्य होतं.

सकाळी आठला व्हर्ना शवपेटीत शिरली. मी तिच्या झग्याच्या चुण्या सारख्या केल्या.

"आराम आहे गं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाय दुखणार नाहीत."

दिवे हलत राहिले. अकराच्या सुमाराला वाहिनीचा मोठा साहेब आला, ट्रेंट हॅलोरन. शवपेटीच्या काठावर त्यानं कोपर टेकलं, शेजारी कॉफीचा कप ठेवला आणि ग्लेनशी बोलायला लागला. आत कोणी झोपलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"ग्लेन, मालिका झकास आहे. फक्त ती बदली बाई काढून टाक."

"ट्रेंट, गोष्ट तिचीच तर आहे."

"नटी मरते, तिथे गोष्ट आहे. बदली बाईशी लोकांना काय देणंघेणं? दिव्याचा खांब तो! खांबात कसली गोष्ट असते?"

ग्लेन काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात शवपेटीतून व्हर्ना उठून बसली.

"साहेब, आधी तो कप उचला. या कापडावर डाग पडला तर आनूशला सगळं अस्तर उसवावं लागेल."

ट्रेंटनं निमूटपणे कप उचलला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणि खांबाची गोष्ट ऐकायचीय ना? मग ऐका. सतरा वर्षं मी एका बाईच्या जागी उभी होते. तिच्यासाठी बर्फात उभी राहिले, वाळवंटात उभी राहिले. एकदा तिचा नवरा सेटवर आला. झगा तिचाच, केस तिच्यासारखेच आणि मी पाठमोरी. त्यानं मागूनच मला सांगितलं की, माझं दुसरीवर प्रेम आहे, मी घर सोडतोय. मी वळेपर्यंत तो हुंदके देत होता. मग मीच त्याला पाणी दिलं. म्हटलं, बाळा, हे पुन्हा सांगावं लागेल तुला, ती मेकअपला बसलीय. तो म्हणाला, एवढं छान पुन्हा नाही जमणार, तूच सांगशील का? आणि मी गेले सांगायला! तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बरा उजेड पडला होता का त्याच्यावर?'"

आधी दिवेवाले हसले. मग कॅमेऱ्यामागचे. शिडीवरचा माणूस तर शिडीला मिठी मारून हसत होता. ट्रेंट एकटाच गंभीर होता. त्यानं ग्लेनला विचारलं, "हे संहितेत आहे?"

ग्लेननं पापणीही लवू दिली नाही. "आहे. पान बेचाळीस."

"मग हे ठेव," ट्रेंट म्हणाला. "हे फार चांगलं आहे."

जेवणाच्या सुट्टीत ग्लेन माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसून पान बेचाळीस लिहीत होता. समोर व्हर्ना बरिटो खात खात त्याच्या चुका काढत होती. "'रडला' नको, 'हुंदके देत होता' लिही. रडताना माणूस बोलू शकतो."

लिहून झाल्यावर ग्लेन म्हणाला, "ही भूमिका तूच कर." व्हर्नाचा घास हातातच राहिला. डेल्फीन मात्र खूश झाली. "देऊन टाक तिला! मी मेलेलीच राहते. मरणं मला छान जमतं."

ट्रेंटनं एक अट घातली: रीतसर चाचणी झाली पाहिजे. गुरुवारी, चौथ्या मजल्यावर, सात माणसांसमोर.

ते तीन दिवस व्हर्ना धड जेवली नाही. "आनूश, नाही म्हणून सांगते त्यांना," ती सारखी म्हणायची. गुरुवारी मी तिच्यासोबत गेले, झगा नीट करायचं निमित्त काढून. सात जण टेबलाभोवती बसलेले. व्हर्ना उभी राहिली, तोंड उघडलं आणि बंद केलं. मग ती म्हणाली, "मला आडवं होऊ देता का?"

कोणी उत्तर द्यायच्या आत तिनं बूट काढले, लोकांचे कागद बाजूला सारले आणि त्या लांबलचक टेबलावर उताणी झोपली. डोळे मिटले. छताकडे तोंड करून तिनं पान बेचाळीस सुरुवातीपासून म्हटलं, एकही शब्द न अडखळता. "बरा उजेड पडला होता का त्याच्यावर?" हे वाक्य आलं तेव्हा ती उठून बसली आणि सातही जणांकडे, एकेकाकडे, रोखून बघत ते बोलली. एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली. ट्रेंट म्हणाला, "ही कुठे होती इतकी वर्षं?"

"इथेच," व्हर्ना बूट घालत म्हणाली. "तुमच्या कोपराखाली."

सोमवारी तिच्यासाठी मी झगा शिवला तो खऱ्या रेशमाचा. ग्लेननं दृश्य एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा घ्यायची गरजच पडली नाही. "कट" म्हटल्यावर शंभर माणसं टाळ्या वाजवत होती आणि व्हर्ना शवपेटीत बसून ओक्साबोक्शी रडत होती. तिला बाहेर काढायला डेल्फीन स्वतः पुढे झाली.

मालिका लागली त्या आठवड्यात टोलेडोहून तिची बहीण ऱ्होंडा आली. सुपरमार्केटात एका अनोळखी बाईनं व्हर्नाला थांबवून विचारलं, "तुम्ही त्या शवपेटीतल्या ना?" ऱ्होंडानंच उत्तर दिलं, "हो, माझी बहीण आहे ती," आणि लिंबं घ्यायची सोडून त्या बाईला व्हर्नाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसली.

सध्या व्हर्ना एका सिनेमात न्यायाधीश आहे. काल तिच्या काळ्या झग्याच्या बाह्या आखूड करायला मी गेले होते. ती उंच खुर्चीवर बसून तीन वकिलांना झापत होती आणि ते तिघंही मुकाट्यानं ऐकून घेत होते.