आबांनी लावलेला कौल

दहावीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हमखास विचारते, "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता, मग देवाला मानता का?" कोल्हापुरात शिकवायला लागून मला एकवीस वर्षे झाली. इतकी वर्षे मी हसून बगल देत आले. मी तशी भाविक आहे. शाहूपुरीतल्या घरी रोज दिवा लावल्याशिवाय शाळेला निघत नाही. पण खरे उत्तर द्यायचे तर माहेरची गोष्ट सांगावी लागली असती, आणि तिथेच माझे घोडे अडत होते.

माझे माहेर चंदगडच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. माझे वडील, आबा, तिथल्या रवळनाथाच्या देवळात गुरव आहेत. आमच्याकडे काही अडले-नडले की देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या पाण्याने चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो, विहीर असो नाहीतर आजारपण, गावाचे पान त्याशिवाय हलत नाही. मी लहानपणी आबांच्या मांडीला मांडी लावून हे सारे श्रद्धेने पाहिले आहे. पुढे बी.एस्सी. झाले आणि मला त्याची लाज वाटू लागली.

चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या तात्यांना साप चावला. आषाढातले दिवस, हवा नुसती चिंब. लोकांनी त्यांना आधी देवळात आणले. आबांनी कळ्या लावल्या, गाव समोर बसले, आणि तासभर एकही कळी पडली नाही. तोवर कुणी गाडी काढली नाही. तात्या दवाखान्याच्या वाटेवरच गेले. त्यांच्या बाराव्याला मी गावी आले आणि चारचौघांत आबांना म्हणाले, "आबा, देवानं नकार दिला नव्हता. हवेत ओल होती, पाणी सुकलं नाही, म्हणून कळी चिकटून राहिली. तात्या तेवढ्यासाठी गेले."

आबा मान खाली घालून गोठ्याकडे निघून गेले. मी खरे बोलले होते, पण खरे बोलण्याचा ताठाही मला चढला होता. त्यानंतर मी माहेरी जाई, दोन दिवस राही, पण देवळाची पायरी चढत नसे. रवळनाथाशी मी अबोला धरला होता. आबांशीही धरला होता, हे मात्र तेव्हा कबूल केले नसते.

परवाच्या ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आल्या म्हणून गावी गेले होते. माझा भाऊ गोव्यात कामाला असतो. घर, गुरे, आबांचे औषधपाणी, सगळे वहिनीच्या जिवावर चालते. सकाळी नऊच्या सुमाराला ती बांधावर गवत कापत होती आणि तिच्या पायाला घोणस चावली. मी धावत पोचले तेव्हा घोटा सुजून वर आला होता. दोरी बांधू नका, चिरू नका, असे ओरडत मी तिच्या पायाला एक काठी लावून घेतली, म्हणजे पाय हलणार नाही. तेवढे लोकांनी ऐकले. पण चौघांनी तिला उचलले आणि पावले वळली ती देवळाकडेच.

मी आडवी गेले. गावातले सगळ्यांत म्हातारे पाटीलकाका मला बाजूला करत म्हणाले की देवाला विचारल्याबिगर असल्या माणसाला शिवेबाहेर नेत नाहीत, तू गुरवाची लेक, तुला ठाऊक नाही का. हवा त्या वर्षीसारखीच चिंब होती. माझ्या डोळ्यांसमोर तात्या आले. आबा देवळाच्या पायरीवर उभे होते, हातात पाण्याचा तांब्या. मी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता तांब्या खाली ठेवला.

"कौल कवाच लावलाय," ते म्हणाले. "उजवा मिळालाय. गाडी काढा."

गाव बुचकळ्यात पडले. पाटीलकाकांनी विचारले, कधी लावला?

"चार वरसं झाली. साप चावला की माणूस सरळ दवाखान्यात न्यायचा का, आसं समद्या गावाचं एकदाच इचारून घेतलंय."

"आणि कुणाच्या समोर?"

"देवाच्या समोर," आबा म्हणाले. "आणि दिलेला कौल परत इचारायचा न्हाय, ह्ये तुमालाबी ठावं हाय."

नियमच तसा आहे. पाटीलकाका वाटेतून बाजूला झाले. पण गाडी कुठे होती? गावातली एकुलती एक जीप त्या दिवशी आजऱ्याला गेलेली. मी फोनवर फोन लावत होते, पण रेंज नव्हती. तेवढ्यात देवळासमोरच्या मोकळ्या जागेत एक पिकअप गाडी वळायला म्हणून शिरली. मुरगूडकडचे एक जैन व्यापारी होते. पशुखाद्य घेऊन दुसऱ्याच गावाला निघालेले, फाटा चुकून आमच्यात आले. आबा पुढे होऊन म्हणाले, "पावणं, सून हाय माझी. साप चावलाय." त्या गृहस्थांनी एक प्रश्न विचारला नाही. स्वतः मागे चढून पोती उतरवायला लागले, आणि दहा मिनिटांत वहिनीला आडवे होण्याइतकी जागा झाली. आम्ही ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि अर्ध्या तासात तो पाण्याखाली गेला, हे मला संध्याकाळी कळले. त्यांचा फाटा का चुकला, यावर मी वाद घालत नाही. चुकला, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वहिनीचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतले आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. "वीस मिनिटं हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले. विष भिनले होते, रक्त गोठतच नव्हते. लगेच विषावरची लस सुरू झाली. सहा तासांनी पुन्हा हीच परीक्षा, आणि तेव्हा गोठायला हवे, असे त्यांनी मला सरळ सांगितले.

पाचच्या सुमाराला दुसरी नळी टेबलावर आली. मी समोरच्या बाकावर बसले. विचारायचे ते विचारून झाले होते, करायचे ते करून झाले होते, आणि आता हात न लावता बसायचे होते. मला एकदम आबा आठवले, पाषाणासमोर बसलेले. दोन्हींतला फरक मला कळतो. नळीतले रक्त कुणाची भीड धरत नाही, आणि कळी हवेवरही पडते. पण त्यांच्यासमोर बसणाऱ्याचा जीव सारखाच टांगणीला लागलेला असतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. मी रडले. चार वर्षांनी रवळनाथाशी बोलले. म्हटले, देवा, मला येत होते तेवढे सगळे संपले. आता तू बघ. नर्सने नळी उचलली, कलती केली. रक्त जागचे हलले नाही. "गोठलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी त्यांचा हात धरून उभ्या उभ्या हुंदके देत राहिले.

सहाव्या दिवशी वहिनी घरी आली. मी अंघोळ करून देवळात गेले. आबा समईची वात सारत होते. मी त्यांना विचारले की तो कौल खरेच लावला होता, की त्या दिवशी वेळ मारून नेली?

"लावलता की. तू भांडून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"देवळात आलीस की सांगणार व्हतो. आलीस कुठं?"

पण माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. विचारले, "आणि आबा, डावा पडला असता तर?"

"डावाच पडलता," आबा म्हणाले. "मग म्या परत लावला. देवाला म्हटलं, माझी पोरगी शिकल्याली हाय, ती खोटं बोलायची न्हाय. तवा तू नीट इचार करून सांग."

मी तिथेच खाली बसले. दिलेला कौल परत विचारायचा नाही म्हणून साऱ्या गावाला गप्प करणारा माझा चौथी शिकलेला बाप माझी बाजू घेऊन देवाशी भांडून आला होता. आणि पुढचे सगळे देवावर सोपवून चार वर्षे गप्प बसला होता. शरण जाणे म्हणजे आपले ज्ञान बाहेर ठेवून आत जाणे, असे मी समजत होते. आबांनी माझे ज्ञान गाभाऱ्यात नेले, देवापुढे ठेवले आणि मग हात जोडले. त्या बापाचा मला अभिमान आहे, आणि त्या देवाचाही. वर्गात आता कुणी विचारले तर मी बगल देत नाही. सांगते की मानते, आमचा देव ऐकून घेतो.