नासपतीच्या जागी पीच

ओकबुनताई दिवसभर ढकलगाडी घेऊन माझ्या मासळीच्या काउंटरसमोरून फिरायच्या. घरबसल्या मोबाइलवरून मागवणाऱ्यांचं सामान त्या आमच्या कोरियातल्या मासान शहरातल्या दुकानातल्याच मांडणीवरून उचलायच्या. मध्यंतरी दुकान बंद पडायला आलं होतं. मग वरच्यांनी शक्कल काढली, साठा एकच ठेवायचा आणि विकायचा दोन्हीकडे. दारातून येणाऱ्यालाही आणि घरी लोळणाऱ्यालाही. दुकान तगलं, आमच्या नोकऱ्या तगल्या. त्या शक्कलेला मी नावं ठेवणार नाही.

ताईंची एक खोड होती. सुका मासा, बोरं आणि उदबत्ती एकत्र मागवलेली दिसली की त्या ओळखायच्या, या घरी आज पितरांचं पान आहे. त्यात पीच असेल तर लगेच फोन.

"अहो सूनबाई, पीच आज घरातसुद्धा नको. त्याचा वास आला की गेलेलं माणूस उंबरा ओलांडत नाही."

"मावशी, ते आम्हाला खायला मागवलंय!"

"मग उद्या खा की. आज सासऱ्यांना जेवू दे."

ताईंचे यजमान ग्वांगसिक खेकड्यांच्या होडीवर होते. होडी सापडली, ते सापडले नाहीत. मूलबाळ नाही. वर्षातून एकदा पान मांडायचं, दार उघडं ठेवायचं, हे येऊन जेवून जातात, एवढ्याच भरवशावर बाई उभी होती.

त्या ऑगस्टात नेमकी पानाच्या दिवशी ताईंना सुटी मिळाली नाही. कामावर असताना स्वतःची खरेदी करायला बंदी. म्हणून जेवणाच्या सुटीत त्यांनी मोबाइलवरून आपल्याच दुकानात सामान मागवलं. जुन्या नासपती संपत आल्या होत्या, नव्या यायच्या होत्या. 'नसल्यास दुसरं फळ चालेल का' या प्रश्नाला ताईंनी खुशाल होकार दिला.

"ताई, पीच नको एवढं तरी लिहा," मी म्हटलं.

"अगं, उचलणाऱ्या आपल्याच पोरी. माझ्या घरी आज काय आहे, हे त्यांना सांगायचं होय?" त्या हसल्या आणि मोबाइल लॉकरमध्ये टाकून कामाला लागल्या.

ती ऑर्डर आमच्या पोरींकडे आलीच नाही. कुठला माल कुठून धाडला तर स्वस्त पडतो, हे कंपनीचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच आठवड्यात त्याने ताई राहतात त्या टेकडीवरच्या गल्ल्या गिमहे शहरातल्या गोदामाला जोडल्या होत्या. तिथे सगळी उचलठेव यंत्रं करतात, आणि त्यांचा ट्रक तसाही त्या बाजूने जातोच. आम्हाला कुणी सांगण्याची तसदी घेतली नाही. गोदामात नासपती संपल्या होत्या. यंत्राने त्याच किमतीचं, हंगामातलं उत्तम फळ भरलं. चूक कुणाचीच नाही, आणि याचाच मला संताप येतो.

संध्याकाळी हाताशी म्हणून मी ताईंबरोबर गेले. उन्हात फळं खराब होतील म्हणून पोचवणाऱ्या भल्या माणसाने खोकं दाराच्या आत ठेवलं होतं. दाराच्या कुलुपाचा नंबर ताईंनीच त्याला देऊन ठेवलेला. दार उघडलं आणि घरभर पीचचा गोड वास.

मी खोकं शेजारी देऊन आले, खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, बाजारातून दोन सुरकुतलेल्या नासपती आणल्या. ताईंनी पान मांडलं. रीतीप्रमाणे भातात चमचा उभा केला आणि दार सताड उघडलं.

"या हो. भात गरम आहे."

भात निवला. पानातल्या रश्शावर साय धरली. मला रडू आवरेना.

"जेवले असतील, ताई. यंत्राला नसेल कळत, भावजींना कळतं."

"नाही गं." ताईंची नजर दारावरून हलली नाही. "दारापर्यंत आले असतील. इतक्या लांबून, समुद्रातून, तसेच ओल्या कपड्यांनिशी. आणि वास आल्यावर यांना वाटलं असेल, मीच आत येऊ नका म्हटलं."