मुळे उरलेत का?

नदीच्या गाळाचा वास आला की पूर्णगडच्या वरच्या अंगाला, नदीकाठची ती सकाळ आठवते. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंबरोबर मी बातमीसाठी गेलो होतो. शिंपल्यांना तिकडे मुळे म्हणतात. एकही जिवंत सापडला नाही, तर बाईंचं त्या नदीवरचं काम थांबणार होतं. कपडे धुणाऱ्या आजींना त्यांनी विचारलं, “इथे मुळे उरलेत का?” “सगळे मुंबईला गेले गो. एक म्हातारा तेवढा राहिलाय.” बाई हरखल्या. “चिखलात रुतून असतो का?” “रुतून कशाला? पडवीत बसून चाय पितो!” आजी मुळे आडनावाच्या शेजाऱ्यांबद्दल सांगत होत्या. मी हसत एक रिकामा शिंपला दाखवला. “हे मुळे होय!” आजी म्हणाल्या, “हे तर त्यांच्याही आधी गेले.”