बारा जणींचे टी-शर्ट

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात आम्ही बारा जणी होतो आणि जर्सी सात. मैदानात सात जणी जर्सीत, ओळीबाहेर पाच जणी भावाच्या नाहीतर बापाच्या शर्टात. बदली खेळाडू आत जायची वेळ आली की दोघी ओढणीचा आडोसा धरायच्या आणि बाहेर येणारी आपली जर्सी काढून आत जाणारीला द्यायची. मी बारावी होते. म्हणजे आडोसा धरण्यात तरबेज.

एकदाच आत गेले. अमरावतीला अंतिम सामना, शेवटची चार मिनिटं, आणि आमच्या कॅप्टनचा घोटा मुरगळला. तिची घामाने चिंब झालेली जर्सी अंगात घातली तेव्हा ती अंगाला चिकटून थंडगार लागली होती, ते मला अजून आठवतं. मी चढाईला गेले आणि कोणालाही न शिवता रिकाम्या हाताने परत आले. आम्ही एका गुणाने हरलो. कॅप्टन लंगडत आली आणि एवढंच म्हणाली, "जर्सी वाळू घाल."

चौतीस वर्षांनी व्हॉट्सॲपवर आम्ही बाराच्या बारा जणी पुन्हा सापडलो. सापडल्याबरोबर अर्थातच खुमखुमी आली. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, कॉलेजच्या त्याच मैदानावर, तिथल्या आताच्या मुलींबरोबर मैत्रीचा सामना ठरला. पहिल्या सात जणी कोण, तेही ठरलं. त्या वेळच्याच सात. मग कोणीतरी विचारलं, जर्सीचं काय? मी क्षणाचाही विचार न करता लिहून टाकलं, "मी छापते. बाराच्या बारा. माझ्या हाताने."

तोवर मी आयुष्यात छापलं काय होतं? तर दिवाळीला उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं, तीही तयार साच्याने. पण मला त्या रिकाम्या हाताची भरपाई करायची होती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगते. नवऱ्याने मेसेज वाचला आणि म्हणाला, "आंदी भाजीत मीठ सारखं पडू दे, मंग शाई पाड." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बोलायला वेळही नव्हता.

अकोल्याच्या जुन्या शहरात एक चाचा आहेत. तीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या. आता लोक पत्रिका मोबाईलवरच पाठवतात, म्हणून कापडी पिशव्या आणि टी-शर्ट छापतात. माझी मुलगी त्यांच्याकडून कॉलेजसाठी काहीतरी छापून आणायची, तेवढीच ओळख. शिकवाल का, म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकवतो. पन ताई, एक शर्त हाय. हात चालला पायजे, तोंड नाई." माझ्यासाठी याहून कठीण अट नव्हती, पण कबूल केली.

तत्त्व तसं सोपं आहे. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. तिला अंधाऱ्या खोलीत एक लेप द्यायचा आणि वाळवायचा. मग काळ्या शाईत काढलेलं चित्र तिच्यावर ठेवून, वर काच दाबून ती उन्हात धरायची. उघडा लेप उन्हाने घट्ट बसतो. चित्राच्या सावलीतला लेप पाण्याने धुऊन जातो. मग तेवढ्याच मोकळ्या जागेतून रबराच्या पट्टीने शाई खाली कापडावर दाबायची. चाचांच्या दुकानात हे सगळं मला दोन दिवसांत आलं. मी ऐटीत एक चौकट आणि लेपाचा डबा घेऊन घरी आले.

चित्र मीच काढलं होतं: वेणीवाली एक मुलगी, वाकलेली, हात पुढे केलेला. खाली अक्षरं, "बारा जणी". नंबर टाकले नाहीत. बारावा नंबर कोणाचा, हा वाद मला नको होता.

निजायच्या खोलीचे पडदे ओढले, जाळीला लेप दिला आणि लवकर वाळावा म्हणून चौकट कूलरसमोर उभी केली. सकाळी गच्चीवर उन्हात धरली, नंतर नळाखाली नेली, आणि मुलगी, वेणी, अक्षरं, सगळा लेपच खळखळ वाहून मोरीत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी डब्याला शिव्या घातल्या, तो बनवणाऱ्या कंपनीला घातल्या, आणि रागारागाने चौकट घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला. "सुकवलं कुठं?"

"कूलरसमोर."

चाचा हसता हसता स्टुलावर बसले. "अवो ताई, कूलरची हवा म्हंजे अर्धं पानीच. त्याच्यापुढं लेप सुकन का? अकोल्यातल्या मानसाले हवा म्हटलं का कूलरच दिसते!"

खरंच होतं. एप्रिलात आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी गेलं तरी आधी कूलरसमोर बसतं, मग खुशाली विचारतं. तिसऱ्या वेळी मी कूलर बंद केला. नवरा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दुपारभर हॉलमध्ये बसून होता आणि लेप छान खडखडीत वाळला. ऊन दाखवायला मोबाईलवरचा व्हिडिओ पंधरा मिनिटं सांगत होता. चाचा म्हणाले, "त्या व्हिडिओवाल्याले अकोल्यात आना. पंधरा मिन्टात इथं पापड भाजून निघते. तुमी दोनच मिन्टं धरा."

दोन मिनिटं धरली आणि पाणी सोडलं. आधी वेणीचं टोक दिसलं. मग कोपर, मग पुढे केलेला हात. मी गच्चीवरून अशी ओरडले की शेजारीण हातातलं लाटणं घेऊन धावत वर आली. तिला वाटलं, मला विंचू चावला.

पण खरी गंमत पुढेच होती. रबराची पट्टी वरून खाली एकाच दमात, एकाच जोराने ओढायची असते. मी मधेच थांबायची, विचार करायची आणि नेमका तिथे डाग पडायचा. सरावासाठी पुन्हा चाचांच्या दुकानात जाऊन नवऱ्याच्या पाच जुन्या बनियनांवर मी पाच डागाळलेल्या मुली छापल्या. त्यातलं एक घालून तो मुद्दाम भाजीबाजारात फिरून आला. चाचा म्हणाले, "दम धरा, आन एका दमात खाली या. मधात थांबनं नाई."

एका दमात! हे तर मला कोणीतरी आधी शिकवलेलं होतं. मी श्वास भरला, पट्टी धरली आणि तोंडातल्या तोंडात सुरू केलं: कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी. पट्टी सरळ खाली आली. चौकट उचलली तर सहाव्या बनियनवर मुलगी लख्ख उभी, वेणीच्या पेडांसकट.

"काय म्हनून राह्यल्या ताई? मंतर हाय का?" चाचांनी विचारलं. मी कबड्डीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पट्टी हातात घेतली आणि पुढचा ठसा स्वतः तसाच पुटपुटत काढून पाहिला. तोंड बंद ठेवायची अट त्या दिवसापासून उठली.

शनिवारी सकाळी घरी बारा टी-शर्टांचा कारखाना मांडला. पिवळे टी-शर्ट, निळी शाई; बिघडलाच तर म्हणून एक जास्तीचा. जेवायला बसायचा पाट टी-शर्टाच्या आत सरकवला की कापड मस्त ताणून बसायचं. दोन ठसे झाले नाहीत तोच उन्हाळ्याने शाई जाळीतच वाळू लागली. आता मात्र कूलर हवाच होता! तो लावला, त्याच्या ओलसर हवेत शाई पुन्हा मऊ चालू लागली आणि नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. छापलेला टी-शर्ट वाळला की रंग पक्का व्हायला त्याच्यावर गरम इस्त्री फिरवायची होती. उभ्या जन्मात रुमालाला इस्त्री न केलेला हा माणूस नुसत्या बनियनवर उभा राहून एकेक टी-शर्ट फुलक्यासारखा उलटून पालटून शेकत होता. माझा राग तिथेच संपला.

नववा ठसा सरकला आणि मुलीला दोन डोकी आली. म्हणजे जास्तीचा गेला. मग अकरा झाले. बारावाही सुरेख उठला. आनंदाच्या भरात मी चौकट बाजूला ठेवली आणि टी-शर्ट पाटावरून ओढून काढला. चौकट धरलेल्या हाताला खालून शाई लागली होती, हे लक्षात आलं तेव्हा टी-शर्टाच्या पाठीवर माझा उजवा तळहात पाच बोटांसह निळा उमटला होता.

धुवून पाहिलं असतं तर पसरला असता. मी खुर्चीत बसले आणि मला एकदम रडू आलं. नवरा म्हणाला, "अवं, पाठीवर कोन पायते?" मी डोळे पुसले. बारावा बारावीला, असं म्हणून तो घडी घालून सगळ्यांच्या खाली ठेवला.

रविवारी मैदानावर मी वरून एकेक टी-शर्ट वाटत गेले. कोणी जागच्या जागी घातला, कोणी आधी वास घेतला, एकीने तर कडकडून मिठीच मारली. कॅप्टन सगळ्यात शेवटी आली. ती आता शेंदूरजनाघाटला असते, संत्र्यांची पिशवी खांद्यावर टाकूनच आली. दोनच टी-शर्ट उरले होते. मी वरचा पुढे केला. तिने तो बाजूला सारला, खालचा उचलला आणि उलटा करून पाहिला.

"हा हात कोनाचा वं?"

"माझाच. चुकून लागला. तो माझा आहे, तू हा चांगला घे."

तिने ऐकलं नाही. ऐकते कधी? तो टी-शर्ट तिने कुर्त्यावरून चढवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "ठेव बरं हात. बसते का पाह्यतो."

मी तळहात तिच्या पाठीवर ठेवला. बोटाला बोट बसलं.

"पाहा वं पोट्ट्यांनो!" ती साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "हिनं गडी बाद केला! चौतीस वर्सं लागले, पन केला!" त्या पोट्ट्या म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या बाकीच्या दहा बाया, सगळ्या टाळ्या पिटू लागल्या. पलीकडच्या खऱ्या पोरींना काही कळेना, पण त्याही हसत होत्या.

मग कॅप्टन शांतपणे ओळीबाहेर गेली, पिशवी उघडली आणि मांडी घालून संत्रं सोलायला बसली.

"अगं, सामना सुरू व्हायचाय," मी म्हणाले. "तू सातात आहेस."

"मी आऊट हाव ना," ती म्हणाली. "जाय आत."

पंचांनी शिट्टी वाजवली. मी उरलेला टी-शर्ट चढवला आणि आत गेले. अंगातला टी-शर्ट कोरडा होता.