अण्णांचं ऑर्किड

आमच्या घरात एक मृत्यू माझ्या हातून झालेला आहे. तोही सासरे गावी सुतकात असताना.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुलुंडला आमच्या दोन खोल्या. गिरणी बंद पडली तसं माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, बोलणंच टाकलं. "हो", "नको" आणि "चहा" एवढ्या तीन शब्दांत त्यांचा दिवस निघायचा. शेजारच्या थॉमसबाई कायमच्या केरळला गेल्या, तेव्हा त्यांनी अण्णांना ऑर्किडची टोपली दिली. अण्णांनी ती गॅलरीत टांगली आणि तिच्यासमोर स्टूल टाकून बसू लागले. पानं पुसायचे, मुळं निरखायचे. एके दिवशी झाडाला दांडा आला, त्यावर पाच कळ्या. अण्णा त्या रोज मोजायचे. (एखादी पळून जाईल म्हणून असेल.)

तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ गेल्याची तार आली. निघताना ते माझ्याशी दोन वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलले: "दोन दिसांनी वायच पाणी शिंपड, बाकी हात लावू नको."

मला ते लागलं. मी कराडकडची, शेतकऱ्याची मुलगी, आणि मला हात लावू नको? बरं, त्या झाडाची अवस्था तरी काय! टोपलीत नुसते कोळसे आणि विटांचे तुकडे, चिमूटभर माती नाही, मुळं बाहेर लोंबतायत. मी लाल माती चाळली, तबेल्यातून शेणखत आणलं, कुंडीत मुळं नीट पुरली, वरून दाबली आणि काठोकाठ पाणी घातलं. कामावरून आल्यावर हे म्हणाले, झकास.

चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली. भूक लागली असेल म्हणून मी आणखी खत घातलं. ह्यांनी कुंडी उन्हात ठेवली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ताक सुचवलं, तेही पाजलं. कळ्या एकेक करून गळल्या. मी त्या वाटीत ठेवत गेले, का ते विचारू नका. दहाव्या दिवशी सहज ओढून पाहिलं तर झाड हातातच आलं. मुळं काळी, लिबलिबीत. मी ते परत खोचलं आणि माती दाबून टाकली. हो, असं केलं मी.

भावाचे दिवस उरकून अण्णा आले ते थेट गॅलरीत गेले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ह्येका मातयेत कोणी घातल्यान?"

"हिने," हे म्हणाले. क्षणाचाही विलंब न लावता.

मग अण्णा बोलायला लागले. ह्या झाडाच्या मुळांना वारा लागतो, पुरल्यावर ती श्वास कुठून घेणार, इथून सुरुवात झाली. मग गिरणीवर आले. मग भावावर. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून दोन वर्षं ते गावी गेलेच नव्हते, आणि आता गेले ते राखेला. तासभर बोलले आणि रडले. मी कळ्यांची वाटी पुढे केली. त्यांनी ती घेतली.

झाड वाचलं नाही. अण्णा मात्र दुसऱ्या दिवसापासून बोलू लागले, बहुतेक माझ्या चुकांवर. हे तर मला खाजगीत म्हणाले, की बरं झालं मारलंस ते.

पुढल्या वर्षी मुलगी झाली. बाळंतपणानंतर आई मला पोचवायला मुलुंडला आली. अण्णांनी नातीला डोळे भरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आईपुढे हात जोडले.

"विहीणबाई, आणखी सहा म्हयने ऱ्हवा. पोर नाजूक आसा."