संध्याच्या नावापुढे माझं नाव

पाच वर्षं ही गोष्ट दोघांनाच माहीत होती — मला आणि ऑफिसच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरला. आईला सांगितली नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगायची ठरवलीय, पण बघा — सुरुवात करायलाच जड जातंय.

आधी मी कोण ते सांगतो. आमचं गाव शिरपूरकडचं. वडिलांनी राज्याच्या सीमेपलीकडे, बमरोलीत, आयुष्यभर कापडाचे लूम चालवले. त्या आवाजाची सवय अशी की घरातही अजून ओरडूनच बोलतात. अख्ख्या भावकीत कॉलेजची डिग्री घेतलेला पहिला मी. याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. तिथल्याच पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. मिलचा मेल आमच्याच सर्व्हरवर येतो, आणि तो कुणाच्या खात्यात पडायचा ते मी ठरवायचो. काळ्या स्क्रीनवर एक फाइल उघडायची, एका नावापुढे दुसरं नाव लिहायचं, एक कमांड द्यायची. झालं. ज्याचा मेल वळवला त्याला पत्ताही लागत नाही.

संध्या कोसाडहून यायची. पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकांचे मेल ती बघायची. आमच्याकडे रंगाची शेड, म्हणजे नेमकी छटा, पार्टीने पास केल्याशिवाय मशीन चालू होत नाही. तो मेल आला रे आला की खाली मशीनवाल्यांना कळवावं लागतं, आणि संध्या चहाचा कप खाली ठेवायच्या आत कळवायची. तिच्याही घरात शिकलेली ती पहिलीच. माझ्यापेक्षा हुशार होती — हे मला तेव्हाही माहीत होतं. कदाचित तेवढंच नीट माहीत होतं.

ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. शेठ म्हणाले, तिचे मेल तू बघ. मी तिच्या नावापुढे माझं नाव लिहिलं. यात काही चूक नव्हती. तिचंही नाव सोबत ठेवलं असतं तर मेल दोघांकडे गेले असते. मी फक्त माझं ठेवलं.

ती परत आली. ती ओळ पुसायची होती. मी पुसली नाही.

का? त्याच दिवसांत ऑफिस इनचार्जची जागा निघणार होती — ती किंवा मी. आणि मी घरी आधीच सांगून बसलो होतो की जागा मला मिळाली. आखाजीच्या सणाला गावी गेलो, तर वडिलांनी पारावर जाहीर करून टाकलं, "मना पोऱ्या आते इनचार्ज व्हई गया!" आता काय तोंड दाखवायचं? हे झालं कारण. सबब नाही. इनचार्ज म्हणजे काय हे वडिलांना नीट ठाऊकही नव्हतं.

तर तिचे मेल आधी माझ्याकडे यायचे. बहुतेक मी तिच्या खात्यात पुढे ढकलायचो, थेट आल्यासारखे — सगळे अडवले असते तर कळलं असतं ना? शेड पास झाल्याचे तेवढे ठेवून घ्यायचो. अर्धा दिवस. कधी पूर्ण दिवस. खाली मशीन उभं. मग मेल तिच्या खात्यात सोडायचो, वर वेळ सकाळचीच दिसायची, आणि मीच शेठच्या केबिनमध्ये धावत जायचो — पार्टीशी बोललो, शेड पास आहे.

शेठ तिला सगळ्यांसमोर बोलायचे. "संध्याबेन, मशीन सुबह से खड़ी है. मेल देखती हो के छोकरे का फोटो?" सगळे हसले. मीही हसलो.

एकदा ती माझ्या टेबलापाशी आली. "कैलासभाऊ, जरा बघता का? माझे मेल उशिरा येतात असं वाटतंय." मी फाइल उघडली. स्क्रीन माझ्याकडे वळलेली होती. ती ओळ समोरच — तिचं नाव, पुढे माझं. आणि मी म्हणालो, "सर्व्हर एकदम ओके आहे. बाळामुळे झोप होत नसेल, नजरेतून सुटत असेल."

"हां," ती म्हणाली, "तसंच असेल."

मेल अडवले, ती लबाडी. पण हे? याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

इनचार्ज मी झालो. त्याच दुपारी ओळ पुसली. मेल वेळेवर यायला लागले — पण तिचा स्वतःवरचा भरवसा काही परत आला नाही. प्रत्येक मेल वहीत उतरवायची. शेजारच्या मुलीला विचारायची, "हा मी वाचला ना गं?" पाच वर्षं. मी समोर बसून बघत होतो.

गेल्या महिन्यात बारडोलीकडच्या नव्या युनिटसाठी इनचार्ज निवडायचा होता. शेठनी मला बोलावलं. कागदावर संध्याचं नाव होतं, आणि शेठच्या हातात पेन. "काम अच्छा है इसका, लेकिन मेल-बेल में ध्यान नहीं रखती. बरोबर ने?"

मान हलवली असती तरी पुरलं असतं. गप्प बसलो असतो तरी.

मी म्हणालो, "नाही शेठ. तेव्हा तिचे मेल मी अडवत होतो."

शेठनी पेन खाली ठेवलं. मग तिला आत बोलावलं. "अब इसको बोल." मी उभ्याने सगळं सांगितलं — ती ओळ, ते मेल, झोपेचं ते वाक्यसुद्धा. शिव्या देईल वाटलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी विसरत नव्हते?"

"नाही. एकदाही नाही."

शेठनी सर्व्हरचा पासवर्ड तिथेच माझ्याकडून लिहून घेतला. तुझ्या खुर्चीचं नंतर बघतो, म्हणाले. बरोबरच केलं. संध्याचं तिकडे लक्षच नव्हतं, ती टेबलावरचा तिच्या नावाचा बारडोलीचा कागद बघत होती. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि शेठना विचारलं, "बारडोलीला वेळेवर पोहोचायचं तर कोसाडहून किती वाजता निघावं लागेल?"